पायलट व्हायचंय? आधी डॉक्टरकाकांना भेटा!

"मोठेपणी तू कोण होणार?" असं वर्गात विचारलं की दहा-बारा डॉक्टर, सात-आठ पोलीस आणि चार-पाच क्रिकेटपटू हात वर करतात. मग कुठून तरी एक आवाज येतो, "मी पायलट होणार!" लगेच सगळा वर्ग त्या बाकाकडे वळून बघतो. डोक्यावरून विमान गेलं की अजूनही आपण मान वर करून बघतोच की नाही? मग ते चालवणाऱ्याचं कौतुक वाटणारच!

मित्रमैत्रिणींनो, आजचा लेख त्या एका आवाजासाठी आहे. तुम्ही सातवीत असा, नववीत असा, नाहीतर अकरावीत. पायलट व्हायचं मनात असेल तर एक गोष्ट आजच समजून घ्या. पायलटची पहिली परीक्षा गणिताची नसते, इंग्रजीची नसते आणि विमान चालवण्याचीही नसते. ती असते तुमच्या शरीराची. तिचं नाव वैद्यकीय तपासणी.

ही परीक्षा मोठी अजब आहे बरं का! हिचा अभ्यास आदल्या रात्री जागून होत नाही. उलट आदल्या रात्री जागलात तर मार्क कमीच व्हायचे!

आधी तपासणी, मग फी

आपल्या देशात पायलटना परवाना देणारं सरकारी कार्यालय म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. सगळे त्याला 'डीजीसीए' म्हणतात. वयाची १६ वर्षं पूर्ण झाली की विद्यार्थी पायलटचा परवाना मिळू शकतो, १७ व्या वर्षी खासगी पायलटचा आणि १८ व्या वर्षी व्यावसायिक पायलटचा. या शेवटच्या परवान्यासाठी २०० तास विमान चालवल्याचा अनुभव लागतो. पगार घेऊन विमान चालवायचं तर हाच परवाना हवा.

या परवान्यांसाठी वैद्यकीय तपासणीच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली 'वर्ग २' ची. ती डीजीसीएने नेमलेले डॉक्टर करतात. या डॉक्टरांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. दुसरी 'वर्ग १' ची. ही जास्त कडक. व्यावसायिक परवान्यासाठी ही लागतेच, आणि पहिल्यांदा ती ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच करावी लागते. बंगळूरूची हवाई दलाची 'इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन' ही त्यांतली एक नामवंत संस्था. ती १९५७ साली सुरू झाली. 'गगनयान' मोहिमेसाठी अंतराळवीर निवडताना त्यांच्या तपासण्याही इथेच झाल्या होत्या!

आता घरातल्या मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा असा मुद्दा. पायलटच्या प्रशिक्षणाचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात सहज जातो. कुणी कर्ज काढतं, कुणी शेताचा तुकडा विकतं. आधी फी भरली, मुलगा किंवा मुलगी प्रशिक्षणाला निघाली, आणि मग तपासणीत कळलं की डोळ्यांत किंवा कानांत मोठा दोष आहे, तर? त्या घरावर काय प्रसंग येईल, विचार करा. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी वर्ग २, मग वर्ग १, आणि दोन्हींचा निकाल हातात आला की मगच मोठी फी. गोंदिया असो, बारामती असो की परदेशातली एखादी संस्था, हा क्रम मोडू नका.

चष्मा लागला म्हणून काय झालं?

सहावी-सातवीत फळ्यावरचं दिसेनासं होतं, चष्मा लागतो, आणि कुणीतरी म्हणतं, "संपलं तुझं पायलट होणं!" किती मुलांनी हे ऐकून स्वप्न गुंडाळून ठेवलं असेल!

तर मुलांनो, हे खरं नाही. प्रवासी विमानांच्या पायलटला चष्मा चालतो. आंतरराष्ट्रीय नियम असा, की चष्मा लावून किंवा न लावता एकेका डोळ्याची दृष्टी निदान ६/९ आणि दोन्ही डोळे मिळून ६/६ हवी. ६/६ म्हणजे काय? निरोगी डोळ्याला जे अक्षर ६ मीटरवरून दिसतं, ते तुम्हालाही ६ मीटरवरून दिसलं पाहिजे. ६/९ म्हणजे, निरोगी डोळ्याला जे ९ मीटरवरून दिसतं, ते वाचायला तुम्हाला ६ मीटरवर यावं लागतं. जवळचं बारीक अक्षरही वाचायला लावतात, कारण पायलटला दूरची धावपट्टी आणि समोरची यंत्रं, दोन्ही बघायची असतात.

हवाई दलाची गोष्ट निराळी. तिथले नियम फार कडक आहेत आणि चष्मा असलेल्यांना लढाऊ विमानांसाठी सहसा घेत नाहीत. म्हणजे तुमचं स्वप्न लढाऊ विमानाचं आहे की प्रवासी विमानाचं, यावरही उत्तर अवलंबून आहे.

डोळ्यांसाठी आत्तापासून काय करता येईल? रोज मैदानावर जा! थट्टा नाही. जी मुलं दिवसा मोकळ्या उजेडात बराच वेळ घालवतात, त्यांना दूरचं न दिसण्याचा दोष लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे शास्त्रज्ञांनी अभ्यासून पाहिलंय. म्हणून मोबाइल नाकाला चिकटवून बसू नका. वाचताना मधूनमधून मान वर करा आणि खिडकीबाहेरचं लांबचं झाड बघा. चष्मा लागला असेल तर तो लाजून दप्तरात ठेवू नका, डोळ्यांवर ठेवा. आणि नंबर घालवणाऱ्या ऑपरेशनची घाई तर मुळीच नको. वाढत्या वयात नंबर स्थिर नसतो, आणि अशा ऑपरेशननंतर किती काळाने तपासणीला जाता येतं, याचेही नियम आहेत.

लाल कुठला, हिरवा कुठला?

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. चित्र सुरेख काढायचा, पण झाडाची पानं नेमकी तपकिरी रंगवायचा. मुलं हसायची. त्याला मात्र कळायचंच नाही, हसतात का! डॉक्टरांनी तपासल्यावर कळलं की त्याला लाल आणि हिरव्या रंगांतला फरक नीट दिसत नाही. यालाच रंगांधळेपणा म्हणतात. हा दोष बहुधा जन्मापासूनच असतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये खूपच जास्त आढळतो. तो ज्याला असतो त्याला स्वतःला पत्ताच नसतो, कारण त्याने जग पहिल्यापासून तसंच पाहिलेलं असतं.

पायलटला रंग कशाला ओळखायचे? बघा हं. रात्री विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा आणि शेपटीला पांढरा. अंधारात समोरचं विमान आपल्याकडे येतंय की लांब जातंय, ते या दिव्यांवरून कळतं. रेडिओ बंद पडला तर विमानतळाच्या मनोऱ्यावरून दिव्याने खुणा करतात. उडत्या विमानाला स्थिर हिरवा दिवा दाखवला तर 'उतरायला हरकत नाही', आणि स्थिर लाल दाखवला तर 'दुसऱ्या विमानाला वाट दे आणि घिरट्या घालत राहा'.

धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक ओळ असते. तिचं नाव 'पॅपी'. आपल्या 'पापी' शब्दाशी तिचा काही संबंध नाही बरं का! उतरणाऱ्या पायलटला दोन दिवे पांढरे आणि दोन लाल दिसले तर विमान बरोबर उतारावर आहे. चारही पांढरे दिसले तर फार उंच. चारही लाल दिसले तर फार खाली, म्हणजे धोका!

२६ जुलै २००२ ला अमेरिकेत टॅलाहासी इथे पहाटेच्या अंधारात एक मालवाहू बोइंग ७२७ विमान धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळलं. आतले तिघेही वाचले, पण जबर जखमी झाले. चौकशीत कर्मचाऱ्यांचा थकवा आणि इतर चुकाही निघाल्या. त्याबरोबरच, विमान चालवणाऱ्या सहवैमानिकाला रंग ओळखण्याचा दोष होता आणि त्याला त्या लाल-पांढऱ्या दिव्यांतला फरक नीट कळला नसावा, असंही निघालं. डॉक्टर रंगांबद्दल इतके काटेकोर का असतात, ते आता समजलं ना?

हा दोष शोधण्यासाठी ठिपक्यांची चित्रं दाखवतात. रंगीत ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो, तो ओळखायचा. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञांनी ही चित्रं तयार केली आणि १९१७ साली प्रसिद्ध केली. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती जगभर वापरली जातात. काही जण म्हणे या चित्रांतले आकडे पाठ करून जातात! पण डॉक्टर पानांचा क्रम बदलतात, आणि शंका आली तर कंदिलाच्या बारीक रंगीत दिव्यांनी पुन्हा तपासतात. आणि समजा, तिथेही कुणी निभावून नेलंच, तर धावपट्टीवरचे दिवे पाठ करता येणार आहेत का?

म्हणून जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन ही तपासणी शाळेच्या वयातच करून घ्या. मोबाइलवरच्या चित्रांवर विसंबू नका, कारण प्रत्येक पडद्यावर रंग वेगळे दिसतात. प्रवासी पायलटच्या वाटेवर लाल-हिरव्याचा मोठा दोष ही खरी अडचण आहे. ती चौदाव्या वर्षी कळलेली बरी, फी भरल्यावर नव्हे.

कानात दडे का बसतात?

मुंबईहून पुण्याला जाताना घाट लागला की कानात दडे बसतात ना? मग आपण आवंढा गिळतो आणि कान 'फट्' करून मोकळे होतात. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून एक बारीक नळी घशाच्या वरच्या भागात उतरते. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की आतला दाब सारखा करायचं काम ती नळी करते. सर्दी झाली की ती सुजते आणि बंद होते.

प्रवासी विमान ३५,००० फुटांवर उडत असलं, तरी आतली हवा यंत्राने दाबून ठेवलेली असते. तरीही ती साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे पायलट रोज कळसूबाईहून उंच 'चढतो' आणि पुन्हा 'उतरतो'! म्हणून डॉक्टर कानाचे पडदे बघतात, ही नळी मोकळी आहे का ते बघतात आणि नाकही तपासतात.

शिवाय ऐकू किती येतं, तेही मोजतात. कानांवर हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीतले बारीक आवाज ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचं. जरा गंमतच वाटते! पण यात एक मेख आहे. सतत मोठा आवाज ऐकून आपल्या कानाच्या आतल्या नाजूक पेशी मेल्या, तर त्या पुन्हा उगवत नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासभर नाचणं किंवा हेडफोन ठणठणीत आवाजात लावणं, याचा हिशेब कान बरोबर ठेवतात. आणि कानातला मळ काडीने, पिनेने काढू नका. पडदा फाटायचा! मळ साचला तर डॉक्टर काढून देतात.

रक्त, हृदय आणि ताटातली भाजी

यानंतर रक्त आणि लघवी तपासतात. रक्तातली साखर, हिमोग्लोबिन वगैरे बघतात. हृदयाचे ठोके कागदावर उमटवणारा ईसीजी काढतात. छातीचा एक्स-रे होतो. रक्तदाब, वजन, उंची, दात, हाडं, सांधे, सगळं पाहतात. दातसुद्धा? हो, दातसुद्धा! किडलेल्या दाताच्या पोकळीत हवा अडकली, तर उंचीवर तो दात असा ठणकतो की पायलटचं लक्ष विमानावरून उडावं!

हिमोग्लोबिनचं महत्त्व तर फार. श्वासातला प्राणवायू शरीरभर पोचवायचं काम ते करतं. जसजसं वर जावं तशी हवा विरळ होते. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो. तिथे रक्तात हिमोग्लोबिन कमी असून कसं चालेल? आपल्याकडे मुलींमध्ये ते कमी असण्याचं प्रमाण जास्त आहे. म्हणून मुलींनो, ताटातली पालेभाजी बाजूला सारू नका. मटकीची उसळ, चवळी, बाजरीची भाकरी, शेंगदाणे खा. जेवणात लिंबू पिळून घ्या, त्याने लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो नेमकं उलटं काम करतो. आणि "पायलट म्हणजे मुलांचं काम" असं कुणी म्हणालं, तर सांगा की सरला ठकराल यांनी १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून एकटीने विमान चालवलं होतं!

मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही रोज घाम येईपर्यंत खेळावं, धावावं, सूर्यनमस्कार घालावेत. वजन आटोक्यात राहतं आणि हृदय दणकट होतं. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांच्या वाटेला जाऊ नका, हे मी वेगळं सांगायला नको.

तपासणीचा आठवडा जवळ आला की...

तुमच्यापैकी जे अकरावी-बारावीत आहेत, त्यांनी हा भाग जपून ठेवावा.

१. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे घ्यायची विनंती करा. चोंदलेल्या नाकाने कानाची परीक्षा द्यायला जाऊ नका.

२. आदल्या दिवशी जोराची धावाधाव, जिम असं काही नको. फार मेहनतीने लघवीत तात्पुरती प्रथिनं दिसतात आणि उगाच शंका निघते.

३. आदला संपूर्ण दिवस कानांना विश्रांती द्या. गाणी नकोत, गोंगाट नको.

४. रात्री वेळेवर झोपा. रक्त उपाशीपोटी द्यायचं असेल तर सांगितलेल्या वेळेनंतर काही खाऊ नका. पाणी किती चालेल, ते तपासणी केंद्रात विचारून घ्या.

५. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या किती आधी काढायच्या, ते विचारा. चष्मा आणि त्याचा नंबर लिहिलेला कागद बरोबर घ्या.

६. ओळखपत्र, जुने रिपोर्ट, झालेल्या ऑपरेशनचे कागद, चालू औषधांची नावं, हे सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवा.

७. रक्तदाब घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. पांढरा कोट बघून पुष्कळांच्या छातीत धडधडतं आणि आकडा वर जातो. डॉक्टरांना ते ठाऊक असतं, गरज वाटली तर ते पुन्हा मोजतात. घाबरू नका.

खरं सांगायचं, म्हणजे काय?

तपासणीआधी एक अर्ज भरावा लागतो. कधी फिट आली होती का? दमा आहे का? डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होतात का? कुठलं औषध चालू आहे का? इथे पुष्कळांचा हात अडखळतो. वाटतं, लिहिलं तर बाद होऊ.

इथे लपवाल तर कुणापासून? डॉक्टरांपासून? दमा डॉक्टरांना नाही, तुम्हाला आहे. तो वर आकाशातही तुमच्याबरोबर येणार, आणि तेव्हा मागे दीडशे-दोनशे माणसं बसलेली असणार. शिवाय ही तपासणी एकदा होऊन संपत नाही. पायलटला नोकरीभर ठरावीक मुदतीने ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. एक खोटं जन्मभर सांभाळायचं म्हणजे केवढा घोर! आणि पकडलं गेलं तर परवानाच जातो.

खरं सांगितल्यावर दर वेळी दार बंदच होतं असंही नाही. निकाल तीन तऱ्हेचे असतात. पात्र, तात्पुरते अपात्र आणि कायमचे अपात्र. तात्पुरते अपात्र म्हणजे उपचार घ्या, वजन उतरवा, रक्त वाढवा आणि पुन्हा या. निकाल पटला नाही तर फेरतपासणीसाठी अर्जही करता येतो.

आणि कायमचे अपात्र ठरलात तर? वाईट वाटणार. रडू आलं तर रडावं, त्यात लाज कसली? पण ही परीक्षा तुमच्या हुशारीची नव्हती की मेहनतीची नव्हती. उत्तरपत्रिकेत चूक केली म्हणून तुम्ही नापास झाला नाहीत. जन्मतःच मिळालेला रंगांचा दोष हा काही कुणाचा अपराध नाही. विमानांच्या जगात इतरही पुष्कळ कामं आहेत. विमानाचा आराखडा करणारे अभियंते असतात, हवामानाचा अंदाज देणारे शास्त्रज्ञ असतात, आणि पायलटना तपासणारे डॉक्टरही असतातच की! काही कामांना त्यांच्या त्यांच्या तपासण्या आहेत, त्या आधी विचारून घ्या. माझा तो तपकिरी पानांचा चित्रकार अजूनही चित्रं काढतो. आता रंगाच्या डबीवर नाव वाचतो आणि मग ब्रश बुडवतो, एवढंच!

तर मग या आठवड्यात काय कराल? आईबाबांबरोबर बसून एका वहीत लिहून काढा. आजवर कोणते आजार झाले, कसली अ‍ॅलर्जी आहे, चष्म्याचा नंबर किती, घरात कुणाला मधुमेह किंवा रंगांचा दोष आहे का. मामांना रंग नीट ओळखता येत नसतील तर ते जरूर लिहा, कारण हा दोष पुष्कळदा आईकडून मुलाकडे येतो. मग सुट्टीच्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन डोळे आणि रंग दोन्ही तपासून घ्या. तपासून आलात की निकाल तारीख घालून त्याच वहीत लिहा. उद्या वर्ग २ च्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की हीच वही तुमच्या कामी येईल.